अमेरिकेच्या डोंगरांना हळदकुंकू

ऑक्टोबर आला की आमच्या स्टॅनमोरच्या गल्लीतली झाडं लाल व्हायला लागतात आणि माझं डोकं तापायला लागतं. माणसं पानांकडे बघून हळवी होतात. शेजारची बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता थांबते आणि म्हणते, "ग्लोरियस, इझंट इट?" मी "यस, लव्हली" म्हणते. या देशात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं खोटं आपोआप तोंडातून निघतं. काल सकाळी माझा मुलगा निखिल कामाला निघाला होता. दारातच थांबून म्हणाला, "आई, बघ ना, पानं किती सुंदर झाली आहे." त्याचं मराठी असंच आहे, इथेच जन्मला तो. मी म्हटलं, "ट्रेन चुकेल तुझी." तो हसला आणि म्हणाला, "यू रिअली हेट ऑटम, डोन्ट यू?"

झाडांचा काही दोष नाही हे मलाही कळतं. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी कित्येक महिने एका खुर्चीत बसून काढले आहेत, आणि त्या खोलीच्या चारही भिंतींवर दुसऱ्याच देशाचा ऑक्टोबर टांगलेला होता. तेव्हापासून लाल पान दिसलं की मला ती खोली दिसते आणि खोलीच्या मधोमध उभ्या माझ्या सासूबाई दिसतात. त्या दिसल्या की राग येतो. इतक्या वर्षांत तो राग नक्की कुणावर आहे हे काही ठरलेलं नाही. सोयीप्रमाणे माणूस बदलतो.

तेव्हा आम्ही कॉव्हेंट्रीजवळच्या एका गावात राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्याला उगाच मोठेपणा नको. तिथे एके काळी रेशमी रिबिनींचे कारखाने होते. त्यांतल्या एका कारखानदाराने अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांना पुरतील एवढ्या रिबिनी तिकडे विकल्या आणि येताना तिथल्या चित्रकारांची निसर्गचित्रं खोकीच्या खोकी भरून आणली. मरताना ती गावाला देऊन टाकली. अट एकच, सगळी चित्रं एका खोलीत, कायमची, आणि एकही काढायचं नाही. गाव बिचारं अडकलं. लग्नात कुणा बड्या नातेवाइकाने दिलेला अवजड शोपीस आपण वर्षानुवर्षं कपाटावर मांडून ठेवतो, तसं त्यांनी ते सांभाळलं. म्युझियमच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. सगळे तिला अमेरिकन रूम म्हणायचे. मी तिथली अटेंडंट होते. कौन्सिलचा निळा ब्लेझर घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं आणि कुणी चित्राला बोट लावत नाही ना ते बघायचं, एवढंच काम.

ती चित्रं मला आवडत नसत. आजही आवडत नाहीत, आणि वय झालं म्हणून मी त्यांच्याबद्दल काही गोड लिहीन ही अपेक्षा कुणी करू नये. डोंगर, डोंगर आणि डोंगर. डोंगरामागे सूर्य, आणि सूर्य असा की जणू तो त्या चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने लावला आहे. खाली तळं, तळ्यात तोच डोंगर उलटा. एका चित्रात धबधबा, त्यावर इंद्रधनुष्य. एका चित्रात वादळ येतंय आणि एका बाजूला ऊन पडलंय. शरद ऋतूतल्या जंगलाची तर पाच-सहा चित्रं, सगळी पेटल्यासारखी लाल. आणि माणूस? तो कुठेतरी कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा, गळ टाकून बसलेला. मी सातारची. आमच्या नदीवर कुणी धुणं धुतंय, कुणी म्हैस घासतंय, एखादं पोर रडतंय, असं काही नसेल तर ती नदी आम्हाला आजारी वाटायची. इथे एवढी मोठी जमीन आणि कुठे चुलीचा धूर नाही. मला पहिल्या दिवसापासून वाटायचं की या लोकांनी चित्र काढायच्या आधी सगळ्यांना घरं सोडून जायला सांगितलं असणार.

म्युझियमचे प्रमुख होते मिस्टर हॅलिवेल. तिथे त्यांना कीपर म्हणायचे. उंच, वाकलेले, कॉर्डरॉयची पँट, अतिशय सभ्य. बुधवारी दुपारी ते त्या खोलीत व्याख्यान द्यायचे. निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर बसून ऐकायच्या. "अनटच्ड," हॅलिवेल म्हणायचे, "ही भूमी तेव्हा अनटच्ड होती." म्हणजे कुणाचाही हात न लागलेली. मी मनात म्हणायचे, अहो, तुमच्याच चित्रात डाव्या बाजूला एक होडी आहे, तिच्यात पिसं लावलेला एक माणूस आहे, तो काय हवा खायला आला होता? पण अटेंडंटने व्याख्यानात बोलायचं नसतं. व्याख्यान संपलं की त्या बायकांपैकी एक तरी माझ्याकडे यायची, चेहऱ्यावर अजून ते सोनेरी ऊन असायचं, आणि विचारायची की टॉयलेट कुठे आहे. कोपऱ्यातल्या त्या गळवाल्या माणसाला निदान हे कुणी विचारत नव्हतं.

खोलीत एक काचेची पेटी होती. आत एक सुई दिवसभर कागदावर रेघ ओढत बसायची. हवा किती दमट, किती कोरडी, ते त्यावरून कळायचं. रेघ जरा वर गेली की धावपळ. चित्रांना दमटपणा सोसत नाही, गरमी सोसत नाही, प्रखर उजेड सोसत नाही. मला थंडी सोसत नाही हे मी एकदा सांगून पाहिलं. "कार्डिगन घाला ब्लेझरच्या आत," हॅलिवेल फार आपुलकीने म्हणाले.

आणि तरीही ती नोकरी मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. माझा नवरा अनिल म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर. आधी सहा महिने या हॉस्पिटलला, मग सहा महिने त्या हॉस्पिटलला, असे आम्ही पेट्या उचलत अर्धं इंग्लंड फिरलो. प्रत्येक ठिकाणी हॉस्पिटलचं घर, हॉस्पिटलचे पडदे, आणि मी मिसेस डॉक्टर. मराठी मंडळात गेलं तरी तेच. "या कोण? या डॉक्टरांच्या मिसेस." शेवटी अनिलला त्या गावात कायमची जागा मिळाली आणि मी पेपरातली जाहिरात बघून म्युझियममध्ये गेले. तिथे मी कुणाचीच मिसेस नव्हते. त्यांनी सुलभाचं 'सू' केलं, तेही चालवून घेतलं. माझी जागा हंगामी होती. जानेवारीत पक्की करू, असं हॅलिवेलनी सप्टेंबरमध्ये स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. समोरच्या माणसाने उठून जागा बदलली.

त्याच महिन्यात सांगलीहून सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी. सासरे आले नाहीत, त्यांना थंडीची भीती आणि घराला कुलूप नको. सासूबाई मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आमच्या घरात शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी डाळींचे डबे चुकीच्या क्रमाने लागले आहेत हे शोधून काढलं. मग माझे कापलेले केस. मग माझं रिकामं कपाळ. "तिथे टिकली चालत नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चालते, पण मला नको असते." त्यावर त्यांनी डाळींचे डबे पुन्हा लावायला घेतले. त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू यायचं. मीही कमी नव्हते. मी तोंडाला कुलूप लावून बसायचे आणि भांडी जोरात ठेवायचे. अनिल संध्याकाळी यायचा, दोघींच्या मधून वाट काढून पेपर उचलायचा आणि पेपराच्या मागे राहायला जायचा. म्हाताऱ्या माणसांना समजून घेण्याबद्दल हॉस्पिटलमध्ये त्याचा फार लौकिक होता.

या वर्षी वॉटफर्डला हॉलमध्ये मंडळाचा दसरा झाला, अर्थात शनिवारी. इथे सण शनिवारी येतात, पंचांगाला कोण विचारतो. कुणीतरी आणलेली आपट्याची सुकलेली पानं वाटली गेली. हातात घेतली की चुरा व्हायची. मुलं त्यांना 'गोल्ड' म्हणत होती. एका बाईने कौतुकाने सांगितलं की त्यांच्या जावयाने लॅपटॉपची पूजा केली. सगळे हसले. मी हसले नाही. ती बिचारी गोंधळली आणि मला म्हणाली, "तुमच्याकडे नाही का करत?" मी म्हटलं, "करायचो. आता बंद केली."

त्या वर्षी दसरा गुरुवारी होता आणि सासूबाईंच्या लेखी तो गुरुवारीच होता. ज्याच्यावर घर चालतं त्या वस्तूची त्या दिवशी पूजा करायची, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, मास्तरांची पुस्तकं. सकाळी मी खाली आले तर डायनिंग टेबलावर पाट मांडलेला. त्यावर अनिलचा स्टेथोस्कोप, निखिलचं दप्तर, विळी नव्हती म्हणून सुरी, आणि एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. बाहेर गाडीच्या काचेला हार. समोरच्या घरातला पडदा हलताना मला दिसला.

"तुझं काय ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं काही नाही. मी खुर्चीत बसते."

"खुर्चीत बसून काय करतेस?"

"चित्रं राखते, आई. उशीर होतोय मला."

"मग चित्रं," त्या म्हणाल्या आणि हळदकुंकवाची कुयरी बंद केली. मी बस पकडायला पळाले. त्या दोन शब्दांकडे मी लक्ष दिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आपल्या माणसांना गॅलरीत आणून बसवायचं नाही, हा तिथला नियम होता. माझ्या आधीच्या अटेंडंटच्या बहिणी येऊन स्वेटर विणत बसायच्या, म्हणून तो केलेला. मी तो घरी सांगितला होता, मराठीत, दोनदा. तरी दुपारी अनिल जिना चढून आला आणि मागे सासूबाई. हिरवी इरकली, वर माझं जुनं ग्रे कार्डिगन, पायात मोजे आणि चप्पल. अनिल कुजबुजला, "अगं, घरात एकटी कंटाळली. सणाचा दिवस आहे. बाकावर बसेल गुपचूप, मी पाचला येतो." मी काही म्हणायच्या आत तो वॉर्डात पळाला. इतका राग आला होता की मला त्याचं नाव घेऊन हाक मारावीशी वाटत होती, सगळं म्युझियम दणाणेल अशी. पण म्युझियममध्ये आवाज चढवायचा नसतो.

सासूबाई बाकावर बसल्या. त्यांनी चित्रं पाहिली, म्हणजे वर्गावर पाहतात तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मला जवळ बोलावून हळू विचारलं, "इथे माणसं का नाहीत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आणि माझ्याशी बोलू नका, आई. नियम आहे."

माझ्या मनातलंच त्या बोलल्या होत्या आणि मला तेही आवडलं नाही. ते माझं होतं, इतके महिने त्या खुर्चीत बसून मी ते गोळा केलं होतं, आणि या बाईला ते पाच मिनिटांत फुकट मिळालं.

तेवढ्यात शाळेची मुलं आली. अशा वेळी दारात उभं राहून त्यांच्या ओल्या छत्र्या आणि डबे बाहेर ठेवायला लावायचे, हे माझं काम. मी पाठमोरी होते. मागून एका मुलीचा आवाज आला, "मिस, ती आजी चित्राला काहीतरी लावतेय."

खोलीतलं सगळ्यात मोठं चित्र होतं ते. डोंगर, तळं, सूर्य, सगळं एकदमच. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली चौकट दाराच्या चौकटीएवढी जाड होती. सासूबाईंनी दोरीच्या कठड्यावरून वाकून त्या चौकटीला हळद लावली होती, कुंकू लावलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या, आणि खालच्या कडेवर आमच्या बागेतलं पिवळं शेवंतीचं फूल ठेवलं होतं. मी वळले तेव्हा त्या डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. सुनेच्या पोटापाण्याच्या अवजाराला नमस्कार करत होत्या. चित्राला धक्का लागलेला नव्हता. एक अक्षत मात्र तळ्यावर चिकटली होती.

वरच्या मजल्याचा मुख्य अटेंडंट डेरेक धावत आला. मुलांना बाहेर काढलं. मग हॅलिवेल आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आधी चित्राकडे गेले, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं आणि श्वास सोडला. मग माझ्याकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साडीतली कुठलीही बाई म्युझियमच्या दारातून आत आली की डेरेक मला डोळा मारून विचारायचा, "फ्रेंड ऑफ युअर्स, सू?" गुजराती असो, पंजाबी असो, श्रीलंकेची असो. मी प्रत्येक वेळी तुटक आवाजात "नो" म्हणायचे. मला त्या प्रश्नाचा संताप यायचा. आता तोच प्रश्न हॅलिवेलनी विचारला, सभ्यपणे. "सू, या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

हो म्हटलं की जानेवारी गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही म्हटलं तर काहीच बिघडत नव्हतं, कुणीतरी अनोळखी म्हातारी आली आणि काहीतरी करून बसली. मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते ते मला आजही सांगता येत नाही, कारण माझ्या आधी सासूबाई बोलल्या. मुख्याध्यापिकेच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून: "आय अॅम नॉट अॅक्वेंटेड विथ धिस लेडी. आय केम टु सी द पिक्चर्स."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझी नोकरी वाचवत होत्या, हे समजत होतं. पण ते वाक्य इतकं सहज निघालं होतं की वाटलं, गेली चौदा-पंधरा वर्षं ही बाई हेच म्हणायला टपलेली होती.

हॅलिवेल निवळले. आता त्यांच्यासमोर फक्त एक भाबडी म्हातारी होती. ते तिच्यासमोर जरा वाकले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलायला लागले. "वुई... डोन्ट... टच... द पिक्चर्स. अंडरस्टँड?"

"परफेक्टली," सासूबाई म्हणाल्या. हॅलिवेलना ते ऐकूच आलं नाही. ते माझ्याकडे वळलेले होते. "तुमच्या भाषेत सांगता का त्यांना, सू? हे देऊळ नाही म्हणावं. आणि पुन्हा इथे यायचं नाही."

मी सासूबाईंसमोर उभी राहिले. "आई, ते म्हणतात..."

"आई म्हणू नकोस. बाई म्हण."

"त्यांना काय कळतंय?"

"तोंडावरून कळतं. सरळ उभी राहा. जानेवारीपर्यंत मी तुझी कुणी नाही."

"काय म्हणतायत त्या?" हॅलिवेलनी विचारलं.

"सॉरी म्हणतायत."

"मी सॉरी म्हटलेलं नाही," सासूबाई मराठीत म्हणाल्या, आणि तेव्हाही चेहरा तसाच ठेवला.

एवढ्यावर मिटलं असतं. हॅलिवेल जायला निघाले होते. मग दारापाशी थांबून त्यांनी डेरेकला हळू आवाजात विचारलं. हळू म्हणजे माझ्यासाठी हळू, सासूबाईंसमोर बोलायला त्यांना काही अडचण वाटत नव्हती. बिचारी, एकटीच दिसते. डोक्याने ठीक आहे ना? अशी रस्त्यावर सोडणं बरं नाही. खाली ऑफिसात बसवू आणि सोशल सर्व्हिसेसला फोन करू. "हॅज शी गॉट एनीबडी, डू यू थिंक?"

हिचं कुणी आहे का. सासूबाईंनी ते ऐकलं. तोंडावरची रेघ हलली नाही. त्या हातातली कुयरी बंद करत होत्या आणि झाकण बसत नव्हतं. आमच्या घरात त्या हातांनी डाळीच्या डब्यांची कवायत घेतली होती, माझ्या पोळ्या उलटून पाहिल्या होत्या, आणि आता त्यांना एक झाकण लावता येत नव्हतं. मला त्या हातांचा राग यायचा. पण ते असे अडावेत अशी माझी कधीच इच्छा नव्हती, आणि त्या कॉर्डरॉयवाल्या माणसामुळे तर मुळीच नाही.

"मी आहे," मी म्हटलं. माझा आवाज अमेरिकन रूममध्ये फारच मोठा वाटला. "शी हॅज गॉट मी. त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय, तुमचं प्रत्येक वाक्य त्यांना कळलंय, तेव्हा नीट बोला त्यांच्याशी."

डेरेक छताकडे बघायला लागला. काचेच्या पेटीतली सुई आपली रेघ ओढत होती. हॅलिवेल खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "आय सी. दॅट इज अ ग्रेट पिटी, सू." जानेवारीचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. मला म्हणाले, तुम्ही आता घरी गेलात तर बरं. मी बिल्ला काढला, ब्लेझर काढला, दोन्ही त्यांच्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवले आणि सासूबाईंचा दंड धरून जिना उतरले.

चौकट साफ करायला म्हणे बर्मिंगहॅमहून माणूस बोलावला. तो कापसाचे बोळे घेऊन दोन दिवस बसला होता. डेरेक मला नंतर मार्केटमध्ये भेटला तेव्हा त्याने सांगितलं. नक्षीच्या पानांमध्ये खोलवर कुठेतरी थोडं कुंकू राहिलं असेल तर राहो. ती जमीन एकदा तरी कुणीतरी टच केली. त्या म्युझियममध्ये मी परत पाऊल ठेवलं नाही. दुसरी नोकरी मिळाली, लायब्ररीत, आणि ती चांगली होती, पण ती मिळाल्यावर मी बसमध्ये हसले वगैरे नाही. सासूबाई सांगलीला परत गेल्या आणि गावभर सांगत राहिल्या की मी सुनेची नोकरी वाचवली होती, तिने स्वतःच्या तोंडाने घालवली. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते पुन्हा सांगितलं. माझ्या देखत. मी एकदाही त्यांना थांबवलं नाही, आणि एकदाही मला ते सहन झालं नाही.

त्या दिवशी म्युझियमच्या पायऱ्या सासूबाई तशाच माझ्या हातात दंड देऊन उतरल्या. खाली आल्यावर दंड सोडवून घेतला आणि सुरू झाल्या.

"माझं खोटं वाया घालवलंस. दसऱ्याच्या दिवशी, या वयात, खोटं बोलले मी. आणि तुला दोन मिनिटं गप्प बसता येईना? घरात तर दिवस दिवस बसतेस."

"ते तुम्हाला वेडी म्हणत होते."

"म्हणू देत. त्यांच्या ऑफिसात बसले असते, चहा दिला असता त्यांनी. पाचला अनिल येऊन घेऊन गेला असता. तुझी जागा राहिली असती."

"नको होती मला ती जागा."

"खोटं बोलू नकोस, तुला येत नाही. त्या जागेसाठी तू सणाच्या दिवशी माझ्या पाया पडायला थांबली नाहीस, पळालीस बससाठी. नको होती म्हणे."

"मग कशाला आलात तिथे? सांगितलं होतं ना, येऊ नका म्हणून? कुणी सांगितलं होतं कुंकू लावायला?"

"का, तुझं काम म्हणजे काम नाही? अनिलच्या नळीची पूजा करायची आणि तुझ्या कामाची नाही?"

यावर मी आणखी जोरात ओरडले. ब्लेझर नसल्यामुळे मी थंडीने कुडकुडत होते. ते बघून त्यांनी अंगातलं कार्डिगन काढून माझ्या अंगावर फेकलं आणि ते मी घालत नाही म्हणून त्यावरही बोलायला लागल्या. वारा सुटला होता. पायाखाली ओल्या पानांचा चिखल झाला होता आणि त्यांच्या चपला त्यात घसरत होत्या, तरी बोलणं थांबत नव्हतं. आमच्या दोघींचे आवाज टिपेला पोचले होते. लोक फुटपाथवरून खाली उतरून आम्हाला वाट देत होते. बस स्टॉपवर एक इंग्लिश म्हातारी पिशव्या घेऊन उभी होती. तिने आम्हाला नीट न्याहाळलं आणि शेजारच्या तरुण बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "दॅट्स हर मदर-इन-लॉ, दॅट इज."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्या थांबल्या, तिच्याकडे वळल्या, वर्गात एखाद्या मुलीने पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसं तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "करेक्ट." मग माझ्याकडे वळून जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू झाल्या.